झोपेचा साक्षीदार कोण?

मंडळी, माझं दुखणं मलाच सगळ्यात आधी कळतं, असं आम्ही तत्त्वज्ञानवाले धरून चालतो. स्लीप ॲप्निया त्याला छेद देतो.

१९५६ साली अमेरिकेत बर्वेल आणि सहकाऱ्यांनी एका अतिलठ्ठ गृहस्थांची हकीगत छापली. पोकरच्या डावात तीन एक्के, दोन राजे हातात, आणि यांना डुलकी! पैसे लावायचे राहूनच गेले. तेव्हा कुठे ते दवाखान्यात गेले. डॉक्टरांना डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मधला झोपाळू जो आठवला, म्हणून नाव पडलं पिकविकियन सिंड्रोम. श्वास अनियमित आहे हे त्यांनी नोंदवलं होतं बरं का; पण पेंगण्याचा दोष गेला रक्तात साठलेल्या कार्बन डायऑक्साइडवर.

१९६५मध्ये फ्रान्समध्ये गास्तो यांच्या गटानं आणि जर्मनीत युंग व कूलो यांनी अशा रुग्णांची झोपच नोंदवली. मेंदूलेख आणि श्वास, दोन्ही एकदम. श्वास थांबतो, मेंदू क्षणभर जागा होतो, श्वास सुटतो. असं रात्रभर. सकाळी रुग्णाला काहीच आठवत नाही!

पुढे स्टॅनफर्डला गिलमिनो वगैरेंनी मोजमाप बसवलं: किमान १० सेकंदांचा खंड. आज तासाला सरासरी ५पासून निदानाचा विचार होतो, ३०च्या वर गेलं की तीव्र.

पण रात्रभराची तपासणी सगळ्यांची कशी करणार? म्हणून आधी प्रश्नावली. त्यात विचारतात, झोपेत तुमचा श्वास थांबलेला कुणी पाहिलाय का? याचं उत्तर बहुधा बायको देते. एकट्या राहणाऱ्या माणसानं तिथे काय लिहायचं?