रक्तदाब गुलामांच्या जहाजातून आला का?

वस्तीत आरोग्य शिबिर घेतले की एक वाक्य आम्हाला हमखास ऐकू येते, "बीपी आमच्या रक्तातच आहे." हेच वाक्य अमेरिकेतील काळ्या बांधवांबद्दल विज्ञानाच्या नावाने सांगितले गेले. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती तिथल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना. म्हणून हा इतिहास आपल्यालाही परका नाही.

अमेरिकेत गोऱ्यांपेक्षा काळ्यांमध्ये उच्च रक्तदाब जास्त आढळतो, हे खरे आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस क्लॅरेन्स ग्रिम आणि थॉमस विल्सन यांनी याचे कारण गुलामांच्या व्यापारात शोधले. जहाजाच्या तळात कोंबलेली माणसे घाम, उलट्या आणि जुलाबाने अंगातले मीठ-पाणी गमावून मेली. ज्यांचे शरीर मीठ धरून ठेवत होते ती जगली. तोच गुण वंशजांत उतरला आणि आजच्या खारट आहारात तो रोग बनला, असा त्यांचा सिद्धांत. २००७ मध्ये ओप्रा विन्फ्रे यांच्या कार्यक्रमातून तो घराघरांत पोहोचला.

ही मांडणी गुलामांच्या बाजूची वाटते. जहाजावरचे मरण खोटे नाही. सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसे जहाजांवर चढवली गेली, त्यांतील सुमारे १८ लाख वाटेतच मेली. पण दुःख खरे असले म्हणून त्यावर रचलेला सिद्धांत खरा ठरत नाही. इतिहासकार फिलिप कर्टिन यांनी १९९२ मध्ये तो तपासला. पश्चिम आफ्रिकेत मिठाचा दुष्काळ होता, याला पुरावा मिळाला नाही. तिथे किनाऱ्यावर मीठ तयार होत होते, सहारातूनही व्यापाराने येत होते. जहाजांवरची बहुतेक माणसे मीठ कमी झाल्यामुळेच मेली, हेही सिद्ध झाले नाही.

पुढे रिचर्ड कूपर आणि सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष मोजणी केली. १९९७ च्या अभ्यासात उच्च रक्तदाबाचे प्रमाण पश्चिम आफ्रिकेत १६ टक्के, कॅरिबियन बेटांवर २६ टक्के आणि अमेरिकेतील काळ्यांमध्ये ३३ टक्के निघाले. कॅरिबियन लोकांचे पूर्वजही तशाच जहाजांतून आले होते. मग हा फरक कुठून आला? २००५ च्या तुलनेने तर सिद्धांताची हवाच काढली. नायजेरियात सुमारे १४ टक्के, अमेरिकेतील काळ्यांत ४४ टक्के आणि जर्मनीतील गोऱ्यांत ५५ टक्के! जर्मन माणसाचा पूर्वज कोणत्या गुलामांच्या जहाजात होता?

मग जनुकांचा संबंधच नाही का? आहे. उष्ण आफ्रिकेत, मीठ दुर्मीळ असताना, मानवाचे शरीर घडले. मूत्रपिंड संप्रेरकांच्या मदतीने मीठ राखून ठेवते. हा वारसा कोणा एका वंशाचा नाही, सगळ्या मानवजातीचा आहे. रक्तदाबावर शेकडो जनुकीय भेद थोडा थोडा परिणाम करतात. पण ॲमेझॉनच्या जंगलातील यानोमामी लोक जवळजवळ मीठ खात नाहीत. १९८८ च्या इंटरसॉल्ट अभ्यासात त्यांचा सरासरी रक्तदाब ९६/६१ निघाला. आपल्याकडे वयाबरोबर रक्तदाब वाढतो, त्यांच्याकडे तसा वाढताना दिसला नाही. म्हणजे जनुके शक्यता देतात. रोग घडवण्यात जगण्याच्या परिस्थितीचा मोठा हात असतो.

बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात नाकाच्या मापांची आकडेवारी घेऊनच अस्पृश्यांचा वंश वेगळा असल्याचा दावा खोडून काढला. पुरावा मागणे ही त्यांची रीत होती आणि तथागतांनी कालामांना दिलेला उपदेशही तोच आहे.

शोषितांच्या दुखण्याचे कारण त्यांच्या रक्तात टाकले की तुटपुंजी मजुरी, रात्रपाळी, स्वस्त खारट खाणे, अपमानाचा ताण आणि औषध नसलेला दवाखाना हे सगळे निर्दोष सुटतात. सहानुभूतीने सांगितलेला वंशवादही वंशवादच असतो. म्हणून आपल्या शिबिरात बीपी जरूर मोजा, मीठ कमी करायला सांगा, गोळ्या चुकवू देऊ नका. आणि कोणी "रक्तातच आहे" म्हणाले, तर त्याच्या कामाचे तास आणि ताटातले अन्नही विचारा.

जय भीम!