मृत्युछायेच्या दरीतील निश्चल चित्रे

जुन्या युद्धांतील छायाचित्रांना संगणकाच्या साहाय्याने हालचाल देणे आज सोपे झाले आहे. दीडशे वर्षांपूर्वीचा सैनिक पापणी लववतो, मान वळवतो. पाहणारा क्षणभर हरखून जातो. परंतु त्या चित्रांचा इतिहास पाहिला म्हणजे आम्हांस थोडे थांबावेसे वाटते.

१८५५ साली इंग्रज छायाचित्रकार रॉजर फेंटन क्रिमियाच्या युद्धभूमीवर गेला. द्राक्षमद्याच्या व्यापाऱ्याची एक जुनी गाडी ही त्याची फिरती अंधारखोली होती. काचेवर रसायनाचा थर चढवायचा, तो ओला असतानाच चित्र घ्यायचे व लगेच धुवायचे, अशी त्या काळची रीत. चित्र उमटण्यास काही सेकंद लागत. तेवढ्यात हलणाऱ्या माणसाचा पुसट डाग तेवढा उरे. त्यामुळे चालती लढाई त्या कॅमेऱ्यास कधीच टिपता आली नाही.

फेंटनचे सर्वांत गाजलेले चित्र सेबास्तोपोलनजीकच्या एका ओसाड घळीचे आहे. तेविसाव्या स्तोत्रावरून त्यास 'मृत्युछायेची दरी' हे नाव मिळाले. त्यात माणूस नाही. रस्त्यावर तोफगोळे मात्र विखुरलेले आहेत. त्याच जागेवरून घेतलेल्या दुसऱ्या चित्रात रस्ता मोकळा आहे. २००७ साली अमेरिकन चित्रपटकार एरॉल मॉरिस यांनी दोन्ही चित्रांचा कसून शोध घेतला. उतारावरील लहान दगड गोळ्यांच्या चित्रात खाली घसरलेले आढळले. म्हणजे मोकळ्या रस्त्याचे चित्र आधीचे. गोळे मागाहून रस्त्यावर आले. चित्र निश्चल होते, तरी त्यातही भर पडली होती!

फेंटननंतर क्रिमियात काम केलेल्या फेलिचे बेआतोने १८५८ साली लखनौच्या सिकंदरबागेचे चित्र घेतले. तेथे नोव्हेंबर १८५७ मध्ये सुमारे २,००० हिंदी शिपाई मारले गेले होते. भग्न वास्तूपुढे हाडे पसरली आहेत आणि काही जिवंत माणसे तेथे स्तब्ध आहेत. या चित्रास हालचाल द्यावयाची तर ती कोणास द्यावी? जिवंतांना दिली, तर त्यांनी न केलेला हावभाव त्यांच्या माथी येतो.

सर्वच हालचाल खोटी असते असे नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धातील (१८६१-६५) कित्येक दृश्ये दोन भिंगांनी जोडीने टिपलेली आहेत. ती दोन्ही आलटून-पालटून दाखविली, की दृश्य डोलते व त्यास खोली येते. पण त्यात कॅमेऱ्याने न पाहिलेले काहीच नसते. जेथे कल्पनेने भर घालावी लागते, तेथे ती भर आहे असे स्पष्ट सांगावे, एवढाच आमचा आग्रह.

मृतांना उठविणे आमच्या हाती नाही. ते ज्याच्या हाती आहे, त्याची आम्ही वाट पाहतो. तोवर त्यांची आठवण खरेपणाने जपणे हे आमचे काम. नोव्हेंबरात आपल्या मृतांसाठी प्रार्थना करताना सिकंदरबागेच्या अंगणातील त्या निनावी हाडांचेही स्मरण आपण करू या.