धुरांतील प्राणवायूचा हिशेब

धुळ्याहून चाळीसगांवमार्गें कन्नडच्या घाटाकडे जाणाऱ्या जुन्या मोटारहाक्यांना एक गोष्ट अनुभवानें ठाऊक असे. पहाटेच्या थंड हवेंत लीलेनें घाट चढणारी गाडी वैशाखांतील दुपारीं त्याच वळणावर धापा टाकूं लागे. खानदेशांत पारा ४५ अंशांवर गेला म्हणजे हवा विरळ होते. २५ अंशांच्या सकाळीं एका घनफुटांत जेवढा प्राणवायु असतो, त्याहून तो सुमारें सहा टक्क्यांनीं उणा भरतो. बिचाऱ्या कार्ब्युरेटरला याची दाद नसे. तो पेट्रोल त्या मानानें कमी करीत नसे आणि मिश्रण दाट होई. मग मिस्त्री प्लग काढून पाही. काळी काजळी दिसली तर पेट्रोल अधिक, पांढुरकी झाक दिसली तर हवा अधिक, विटकरी रंग दिसला तर ठीक. आणि तो स्क्रू पाव फेरा फिरवी. ॲम्बॅसडर व फियाट यांच्या पिढीचें निदानशास्त्र तें एवढेंच, परंतु तें टाकाऊ नव्हतें.

पेट्रोलचा एक भाग पूर्णपणें जळावयास वजनानें १४.७ भाग हवा लागते. या आंकड्याला महत्त्व आलें तें अमेरिकेंत. लॉस एंजल्सचें आकाश मोटारींच्या धुरानें कोंदलें आणि १९७० च्या स्वच्छ हवेच्या कायद्यानें कारखानदारांवर कडक बंधनें घातलीं. धुरांतील तिन्ही घातक वायु एकदम निवळून टाकणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मिश्रण त्या प्रमाणाच्या अगदीं लगत असेल तरच काम देतो. म्हणजे क्षणोक्षणीं जागा राहणारा पहारेकरी हवा. तो झिर्कोनिया या पदार्थांत सांपडला. तापलेल्या झिर्कोनियाच्या दोन बाजूंना प्राणवायु कमीअधिक असला कीं विजेचा दाब उत्पन्न होतो. तो ज्या समीकरणानें मोजतां येतो तें वाल्थर नेर्न्स्ट या जर्मन शास्त्रज्ञानें १८८९ सालींच, मोटारगाडी पाळण्यांत असतां, मांडून ठेविलें होतें. बॉश कंपनीनें त्यापासून बनविलेला सेन्सर १९७६ सालीं प्रथम व्होल्व्होच्या गाडींत बसला. मिश्रण दाट असतां तो सुमारें ०.९ व्होल्ट दाखवितो, विरळ असतां ०.१, आणि ३०० अंशांच्या आसपास तापल्याखेरीज बोलत नाहीं.

हिंदुस्थानांत हें सर्व उशिरानें आलें. १९९५ सालीं चार महानगरांत विकल्या जाणाऱ्या नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. मुंबईस घेतलेली अशी गाडी आग्रा रोडनें धुळ्यास आली आणि शिसें घातलेलें पेट्रोल तिच्या पोटांत गेलें, तर कन्व्हर्टर कायमचा निकामी. ही आपत्ति टळली ती फेब्रुवारी २००० मध्यें शिसेंविरहित पेट्रोल देशभर मिळूं लागल्यावर. पुढें डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीनें २००२ सालीं अहवाल दिला. महानगरांस आधीं व इतर मुलखास नंतर, अशी पायऱ्यांची योजना तिनें सुचविली. कार्ब्युरेटर मागें पडला, इंजेक्शन आलें आणि प्राणवायूचा सेन्सर जळगांवच्या गॅरेजांतही ओळखीचा झाला.

सेन्सर सांगतो तें ऐकून गाडींतील संगणक पेट्रोल वाढवितो वा घटवितो. या दुरुस्तीला फ्युएल ट्रिम म्हणतात. तिचे दोन प्रकार. एक क्षणाक्षणाची, ती व्यापाऱ्याच्या रोजकीर्दीसारखी; दुसरी दीर्घ मुदतीची, ती खतावणी. शून्याच्या आसपास, फार तर दहा टक्के अलीकडे-पलीकडे, नोंद असली तर प्रकृति ठीक. खतावणींत अधिक वीस दिसूं लागले तर कोठें तरी गळती आहे. उभ्या गाडीवर आंकडा मोठा आणि वेग वाढवितांच उतरत असेल, तर चिरलेल्या रबरी नळींतून चोरटी हवा आंत शिरत आहे. उलट वेगावर आंकडा चढला, तर पंप अशक्त किंवा फिल्टर तुंबलेला. सेन्सरच्या अलीकडे सायलेन्सरची नळी फुटली तर बाहेरची हवा आंत ओढली जाते. सेन्सर ‘विरळ, विरळ’ म्हणून ओरडतो आणि संगणक नसतें पेट्रोल ओतीत राहतो. येथें पुष्कळ मिस्त्री सेन्सरच बदलतात. साक्षीदार समोर जें आलें तें प्रामाणिकपणें सांगतो आणि त्यालाच चोर ठरविलें जातें! एका कागदावर भरंवसा ठेवूं नये, दुसऱ्याशीं ताडून पाहावें, हा इतिहाससंशोधकांचा नियम. राजवाडे संशोधन मंडळाच्या धुळ्यांत तो निराळा सांगावयास नको.

जुन्या गाड्यांची खरी परीक्षा अलीकडे सुरू झाली आहे. पेट्रोलमधील इथेनॉलचें प्रमाण २०२५ सालीं वीस टक्क्यांवर गेलें. इथेनॉलच्या अंगीं प्राणवायु असल्यामुळें अशा इंधनाच्या एका भागास १४.७ ऐवजीं सुमारें साडेतेरा भागच हवा पुरते. म्हणजे इंधन अधिक सोडावें लागतें. सेन्सर धड असेल तर संगणक तें निमूटपणें सोडतो आणि खतावणी आठ-नऊ टक्के वर सरकते. परंतु पंधरा वर्षांच्या गाडींत नळ्या कडक झालेल्या, फिल्टर धुळीनें भरलेला, खतावणी आधींच अधिक पंधरावर. तिच्याजवळ आतां देण्यास फारसें उरलेलें नसतें. घाटांत ती अडखळते आणि दोष इंधनाला दिला जातो. कार्ब्युरेटरच्या गाडीला तर हिशेब ठेवणारा कोणीच नाहीं. तिच्यासाठीं जेट मोठें करावें लागतें आणि प्लग पुन्हां काढून पाहावा लागतो.