नद्या नसलेले डोंगर

1980 साली अमेरिकेतील सिएटल शहरात, संगणक-चित्रणाच्या ‘सिग्राफ’ या वार्षिक परिषदेत, दोन मिनिटांचा एक लघुपट दाखवण्यात आला. त्याचे नाव ‘व्हॉल लिब्र’. पडद्यावर पर्वतरांगांमधून उडत जाण्याचे दृश्य होते. त्यातला एकही दगड मात्र जगात कुठे नव्हता. लघुपटाचे कर्ते लॉरेन कार्पेंटर तेव्हा बोइंग कंपनीत होते. विमानांच्या चित्रांमागे डोंगर हवेत ही त्यांची गरज, आणि बेन्वा मांडेलब्रो यांचे फ्रॅक्टलवरील पुस्तक हा त्यांचा आधार.

मांडेलब्रो यांनी 1967 साली ‘सायन्स’ नियतकालिकात एक साधा प्रश्न मांडला होता : ब्रिटनचा किनारा किती लांब? मोजपट्टी जितकी लहान घ्यावी तितकी लांबी वाढते, कारण मोठ्या वळणात लहान वळण आणि त्यात आणखी लहान वळण दडलेले असते. अशा आकारांना त्यांनी पुढे 1975 साली ‘फ्रॅक्टल’ हे नाव दिले. कार्पेंटर यांनी हेच तत्त्व उलट्या दिशेने वापरले. एक त्रिकोण घ्यायचा, प्रत्येक बाजूचा मध्यबिंदू यदृच्छेने वर किंवा खाली सरकवायचा, त्यातून झालेल्या चार त्रिकोणांवर पुन्हा तेच करायचे; दर खेपेला सरकवण्याचे माप कमी. काही आवर्तनांतच कडे आणि सुळके दिसू लागतात. 1982च्या ‘स्टार ट्रेक 2’ चित्रपटात मृत ग्रह सजीव होतो, त्या दृश्यातले डोंगर याच रीतीचे.

या रीतीवर मांडेलब्रो यांचेच आक्षेप होते. त्रिकोणांच्या सांध्यांवर घड्या राहतात, हा एक. त्याहून मोठी उणीव नद्यांची. असा पृष्ठभाग उलटा केला तरी तो तसाच भासतो. दरीचे शिखर होते, एवढेच. खऱ्या भूमीचे तसे नसते. पाणी खालीच वाहते, म्हणून दऱ्या एकमेकींना मिळत जातात. शिखरे तशी मिळत नाहीत. फ्रॅक्टल डोंगराला रूप होते, भूतकाळ नव्हता. 1989 साली केंटन मसग्रेव्ह आणि सहकाऱ्यांनी संगणकातल्या डोंगरावर पाऊस पाडून, माती वाहवून, तो भूतकाळ देण्याचा प्रयत्न केला.

पण अशा असंख्य डोंगरांतून हवा तो शोधायचा कसा? उत्तर उत्क्रांतीच्या कल्पनेतून आले. कार्ल सिम्स यांनी 1991 साली चित्र घडवणाऱ्या सूत्रांनाच जनुके मानले. संगणक काही चित्रे दाखवी, पाहणारा आवडलेली निवडी, आणि त्यांच्या संकरातून व उत्परिवर्तनातून पुढची पिढी निघे. मिगेल फ्रादे, फ्रान्सिस्को फर्नांडेझ दे वेगा आणि कार्लोस कोत्ता यांनी पुढे हीच वाट भूदृश्यांसाठी वापरली. आधी निवड माणसाच्या नजरेची होती. नंतर व्हिडिओ गेमसाठी जमीन चालण्याजोगी किती आहे, हे संगणकच मोजू लागला.

मला महत्त्वाचा वाटतो तो हा पालट. पाण्याने झिजवलेल्या डोंगराला कुणी निवडलेले नसते. इथे मात्र जे आवडले नाही किंवा चालायला सोयीचे नव्हते, ते प्रत्येक पिढीत गळून पडले. उरलेला डोंगर पृथ्वीबद्दल थोडे आणि निवडणाऱ्याबद्दल अधिक सांगतो. म्हणून या भूदृश्यांचा इतिहास लिहिताना सूत्राबरोबर निवडीचा निकषही नोंदवायला हवा.