‘तारू’ : एका शब्दाचा प्रवास

मराठीत व्यापारी नौकेस ‘तारू’ असा जुना शब्द आहे. ‘जहाज’ हा शब्द अरबी; त्याचा मूळ अर्थ साधनसामग्री. ‘गुराब’ हाही अरबीच. त्याचा अर्थ कावळा. ‘तारू’ मात्र याच भूमीतला. संस्कृतातील ‘तॄ’ म्हणजे तरणे, पार जाणे, या धातूशी त्याचे नाते आहे. नाव स्वतः तरते व आत बसलेल्यांना पैलतीरी नेते, म्हणून ती तारू.

याच धातूपासून ‘तीर्थ’ शब्द सिद्ध झाला. तीर्थ म्हणजे नदी ओलांडण्याचा उतार, घाट. संसारसागर ओलांडण्यासाठी असा उतार निर्माण करणारे ते तीर्थंकर. व्यापाऱ्याचे तारू आणि भगवंतांचे तीर्थ ही एकाच मुळाची दोन फळे होत.

या शब्दकुळाची एक प्राचीन खूण नाशिककरांच्या अगदी जवळ आहे. पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात (ऋषभदत्त) याचा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील शिलालेख आहे. लेणे बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेले. परंतु लेखात त्याच्या इतर दानांचीही नोंद आहे. भरुकच्छ व शूर्पारक, म्हणजे आजचे भडोच व सोपारा, या बंदरांत आणि नाशिकजवळील गोवर्धन येथे त्याने पांथस्थांसाठी निवासस्थाने बांधली. तापी, दमण, पारदा, दाहणुका आदी सहा नद्यांवर नावांची मोफत सोय केली. या दानास लेखात ‘पुण्यतर’ म्हटले आहे. यातील ‘तर’ म्हणजे नदीपार नेणे. मालधनी व निर्धन पांथस्थ एकाच नावेतून पार होत. उतराई कोणासच पडत नसे.

जैन आगमांतही समुद्रव्यापाऱ्यांच्या कथा आहेत. ‘ज्ञाताधर्मकथा’ या अंगग्रंथातील मल्ली अध्ययनात चंपानगरीच्या अर्हन्नक श्रावकाची कथा येते. व्यापारी सोबत्यांसह तो भर समुद्रात असता एका देवाने पिशाचरूप धारण केले व धर्म सोडला नाहीस तर नौका बुडवीन, असा धाक घातला. माल, प्राण व सहप्रवासी हे सारे पणाला लागले असताही अर्हन्नक ढळला नाही. अखेर देवाने क्षमा मागून त्यास कुंडलांच्या दोन जोड्या अर्पण केल्या.

आज मराठीत ‘तारू’ हा शब्द बहुधा काव्यात व वाक्प्रचारात उरला आहे. व्यवहारात ‘जहाज’ रूढ झाले, त्यात वावगे काही नाही. परंतु जहाज म्हणताना सामग्री आठवते, तारू म्हणताना पैलतीर. व्यापारी समाजाने हा शब्द जपला, तर स्वतः तरताना इतरांसही तारावे, हा त्यातील अर्थही जपला जाईल.