आजीचा चिकाचा हलवा आणि शनवार तेल्यांची गोष्ट

ऑफिसात नवीन कोणी आलं की आडनावाची चौकशी होतेच. माझं आडनाव 'कर'ने संपतं. त्यामुळे पुढचा प्रश्न ठरलेला, "अलिबागकडचे का?" मी हो म्हणतो. मग जेवताना कोणीतरी कोळंबीचा डबा पुढे करतं, मी नको म्हणतो, आणि गाडी रुळावर येते. "अलिबागचा असून कोळंबी नाही? का रे?" "आम्ही ज्यू आहोत." पुढची दोन मिनिटं टेबलावर शांतता!

हे सगळं लिहायचं खरं कारण मात्र वेगळं आहे. मुलुंडची माझी आजी जाऊन नुकतंच वर्ष झालं.

आम्ही बेने इस्राएल. परंपरा सांगते, की सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. धर्मग्रंथ समुद्रात गेले. वाचलेल्यांचे वंशज कोकणात पसरले, गावांवरून आडनावं पडली - पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर. धंदा तेलघाण्याचा. शनिवारी शब्बाथ म्हणून घाणा बंद, म्हणून लोक म्हणायचे 'शनवार तेली'. हिब्रू विसरली, 'शेमा' ही एक प्रार्थना तेवढी तोंडात राहिली. सणांची नावंसुद्धा मराठी झाली. रोश हशाना म्हणजे 'नव्याचा सण', योम किप्पूर म्हणजे 'दरफाळणीचा सण'.

मग हे ज्यू आहेत हे कळलं कसं? इथे माझी सगळ्यात आवडती गोष्ट येते. डेव्हिड रहाबी नावाचा एक ज्यू गृहस्थ कोकणात आला. (परंपरा त्याला हजारएक वर्षं मागे नेते, बरेच अभ्यासक त्याचा संबंध अठराव्या शतकातल्या कोचीनच्या रहाबी घराण्याशी लावतात.) त्याला हे लोक आपले वाटले, पण खात्री होईना. म्हणून त्याने बायकांपुढे मिसळलेली मासळी ठेवली आणि रांधायला सांगितलं. बायकांनी पर आणि खवले असलेले मासे तेवढे घेतले, बाकीचे बाजूला सारले. का, ते त्यांना सांगता आलं नसेल. सासूने तसं शिकवलं होतं, बस्स! रहाबीची खात्री पटली.

म्हणजे बघा, ग्रंथ बुडाले, भाषा गेली, आणि आमच्या इतिहासाचा एकमेव चालू बॅकअप सापडला तो चुलीपाशी.

पुढे मंडळी मुंबईत आली. कंपनी सरकारच्या फौजेतल्या सामाजी हसाजी दिवेकरांनी 1796 साली मांडवीत शहरातलं पहिलं सिनेगॉग बांधलं. मस्जिद स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं म्हणतात. ठाण्यातलं 'शार हाशामाईम' 1879 सालचं. सणाला आजी आम्हाला तिथेच न्यायची. मुलुंडहून एकच स्टेशन, पण निघायची गडबड पंढरीला निघाल्यासारखी!

आजोबा रेल्वेत होते. 1948च्या सुमारास भारतात वीसेक हजार बेने इस्राएल होते, मग इस्रायलला जायची रांग लागली. आजीची भावंडंही गेली. तिकडे काही वर्षं यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली, लग्नं अडवली. आंदोलनं झाली आणि 1964 साली इस्रायल सरकारने हे पूर्ण ज्यू आहेत असं जाहीर केलं. आजी त्यावर एवढंच म्हणायची, "त्यांनी आमचं स्वयंपाकघर बघितलं असतं तर विचारलंच नसतं."

ते खरंच होतं. मटणाबरोबर दूधदुभतं चालत नाही, म्हणून तिच्या रश्शात नारळाचं दूध. शुक्रवारी संध्याकाळी वाईनऐवजी काळ्या मनुकांचं सरबत. मला नोकरी लागली तेव्हा एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा - पोहे, खोबरं, साखर, वेलची आणि फळं. आणि नव्याच्या सणाला चिकाचा हलवा. गहू भिजवून, वाटून, गाळून काढलेला चीक, नारळाचं दूध, साखर. शेगडीपुढे तासन् तास घोटत बसायचं. "प्रमाण काय गं?" विचारलं की उत्तर एकच, "अंदाजपंचे. हाताला कळतं."

आयटीत आम्ही डॉक्युमेंटेशन नाही म्हणून रोज एकमेकांच्या नावाने खडे फोडतो. पण घरातल्या सगळ्यात जुन्या सिस्टिमचं डॉक्युमेंटेशन करायचं मला सुचलं नाही. सुचलं तेव्हा आजीला नाव आठवायलाही वेळ लागत होता.

यंदा सणाला मी आणि आई बसलो. पहिल्यांदा गुठळ्या झाल्या. दुसऱ्यांदा खाली लागला. तिसऱ्यांदा वजनकाटा आणला, प्रत्येक गोष्ट मोजून वहीत लिहिली. अश्दोदच्या आत्तेबहिणीला व्हिडिओ कॉल लावला. "माझ्या आईचा पण असा नाही होत," ती म्हणाली आणि दोघंही गप्प झालो. नेहमीचा "तू इकडे कधी येतोस?" हा प्रश्न तिने यावेळी विचारला नाही. प्रमाण मागितलं.

आज भारतात आम्ही चार-पाच हजारांच्या आसपास असू. त्यात मी राहीन की जाईन, अजून ठरलेलं नाही. वहीची एक प्रत मात्र मुलुंडला आहे आणि एक अश्दोदला.

हलवा? आजीसारखा नाही झाला. पण वड्या पडल्या!