‘पश्मी’ शब्द व श्वानकेशांचीं साधनें

ताम्रपट, सनदा, बखरी व महजर यांचा परामर्श घेणाऱ्या विद्वान् वाचकांपुढें कुत्र्याचे केस विंचरण्याच्या साधनांचा विषय मांडणें कित्येकांस अप्रयोजक वाटेल. परंतु जुन्या वाड्यांतून मिळालेल्या फण्या, कंगवे व खरारे आपल्यापैकीं अनेकांच्या संग्रहीं आहेत, आणि त्यांवरील चिठ्ठ्या बहुधा अनुमानानें लिहिलेल्या असतात. अशा अनुमानांत केवळ शब्दावर विसंबल्यास काय अनर्थ होतो, याचा अनुभव आम्हांस सेमाडोह येथें आला. तो आमच्या प्रमादासह येथें नमूद करीत आहों.

सेमाडोह हें गांव मेळघाटांत, परतवाड्याहून धारणीस जाणाऱ्या रस्त्यावर, सिपना नदीच्या कांठीं आहे. तेथील एका स्नेह्यांपाशीं शालिहोत्राच्या बाडाचीं कांहीं पानें असल्याचें कळल्यावरून गेल्या मार्गशीर्षांत आम्ही तेथें गेलों. पानें त्रुटित व अश्वव्याधींपुरतींच निघालीं. परंतु स्नेह्यांच्या अंगणांत लातूरकडून आणिलेलें एक उंच, कृश व लांबट तोंडाचें कुत्रें होतें. त्याच्या कानांवर, शेपटीस व मांड्यांच्या मागील अंगास रेशमासारख्या केसांच्या झालरी होत्या. जात पश्मी, असें सांगण्यांत आलें. त्याच्याकरितां शहरांतून साधनांचा एक संच आणिलेला होता: रबराचा हातमोजा, मऊ केसांचा ब्रश, वांकड्या बारीक तारांचा ब्रश, लांब दात्यांचें दंताळें आणि धातूचा कंगवा. यांपैकीं कोणतें वापरावें, असा प्रश्न स्नेह्यांनीं केला. आम्हीं तत्काळ निर्णय दिला, तो असा: फारसींत ‘पश्म’ म्हणजे लोकर, तस्मात् ह्या श्वानाच्या अंगीं लोकर असली पाहिजे, आणि लोकर उपसण्यास दंताळेंच युक्त. सायंकाळीं दंताळें फिरविलें गेलें. प्रातःकाळीं पाहतों तों त्या मुक्या प्राण्याच्या कुशीवर तांबडे ओरखडे उमटलेले! स्नेह्यांच्या मातोश्री एवढेंच म्हणाल्या, “गुरुजी, तुमी शब्द पाह्यला, केसाले हात लाऊन नाई पाह्यलं.”

हा ठपका यथार्थ होता. तो शिरीं घेऊन शब्दाचा व केसांचा विचार आम्हीं निरनिराळा केला.

प्रथम शब्द. अमरकोशांत श्वानाचे पर्याय पाहिले असतां सारमेय हें कुळावरून, मृगदंशक हें कर्मावरून, भषक हें भुंकण्यावरून पडलेलें दिसतें. मृगयाकुशल श्वानास विश्वकद्रु अशी निराळी संज्ञा आहे. केसांवरून पडलेलें नांव त्या पर्यायांत एकही नाहीं. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासांत (सुमारें इ.स. 1129) सारमेयविनोद हें स्वतंत्र प्रकरण आहे, ह्या विषयाच्या अभ्यासकांनीं श्रीगोंदेकरांनीं संपादिलेली बडोद्याची प्रत अवश्य पाहावी. ‘कारवानी’ व ‘पश्मी’ हे शब्द मात्र फारसी. पहिला कारवान म्हणजे तांडा यावरून, दुसरा केसांवरून. ऐन-इ-अकबरींत काबूल, विशेषतः हजारा प्रदेश, येथून उत्तम कुत्रे येत असें अबुल फजल लिहितो. त्याच ग्रंथांत वऱ्हाड सुभा व त्यांतील गाविल सरकार यांचें वर्णन आहे. वऱ्हाड मोंगलांकडे गेलें तें इ.स. 1596 त. परंतु दख्खनच्या दरबारीं फारसी भाषा बहामनी काळापासून रूढ असल्यामुळें ह्या शब्दांवरून श्वानांच्या आगमनाचा मार्ग किंवा काळ ठरवूं पाहणें साहसाचें होईल.

आतां केस. पश्म हा शब्द वस्तुतः शेळीच्या अंगावरील लांब केसांखालच्या मऊ लोकरीचा वाचक आहे. पश्मी कुत्र्यास तसा खालचा थर नसतो. आहेत त्या केवळ झालरी. म्हणजे नांव लोकरीचें व अंग लोकरीवांचून, अशी येथें विसंगति आहे. दंताळ्याचें काम खालच्या थरांतील सुटलेली लोकर उपसण्याचें. तो थरच नसेल तर दांते सरळ त्वचेस लागतात, आणि ह्या शिकारी जातीची त्वचा तर पातळ व चरबीविरहित. झालरीस उचित साधन म्हणजे धातूचा कंगवा, एका अंगास विरळ व दुसऱ्यास दाट दात्यांचा. प्रथम विरळ बाजूनें, केसांच्या टोंकांकडून मुळांकडे हळूहळू सरकावें; कानांमागें व काखांत गुंता अधिक असतो. गुंता सोडविल्यावांचून स्नान घालूं नये, कारण भिजलेला गुंता अधिकच आवळतो.

कारवानी म्हणजे तोकड्या केसांचा प्रकार. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनीं ज्या श्वानांस आश्रय दिला व ज्यांपैकीं कांहीं पंचम जॉर्ज बादशहास नजर केले, आणि ज्यांचें चित्र 2005 सालीं भारतीय टपालाच्या तिकिटावर आलें, तेही ह्याच घराण्याचे. त्यांस, तसेंच आपल्या गांवठी कुत्र्यांस, रबराचा हातमोजा किंवा जाडसर कापड पुरे. दुसऱ्या शतकांतील ग्रीक ग्रंथकार एरियन श्वानाच्या सर्वांगमर्दनाचे गुण सांगतो, फ्रान्सांतील गास्तों फेबुस याच्या मृगयाग्रंथांत (आरंभ इ.स. 1387) शिकारी कुत्रे पेंढ्याच्या चुंबळीनें पुसण्याचा उपदेश आहे. तोकड्या केसांस हेंच योग्य, हें पूर्वींचे लोक जाणत होते.

दंताळें व वांकड्या तारांचा ब्रश यांचें खरें स्थान दुहेरी केसांच्या श्वानांत, जसे हिमालयांतील मेंढपाळांचे कुत्रे, किंवा शहरांतून आढळणारे जर्मन मेंढपाळी जातीचे. ऋतुपालटाच्या वेळीं त्यांची खालची लोकर पुंजक्यांनीं सुटते. ती काढावी, परंतु अंग भादरूं नये. यावरून नियम असा निघतो: बोटांनीं केस उलटे करून त्वचेपर्यंत पाहावें; खालीं लोकर दिसली तर दंताळें, नुसते लांब केस असतील तर कंगवा, आणि दोन्ही नसतील तर हात.

सेमाडोहासारख्या रानांत आणखी दोन शत्रु आहेत. पावसाळा सरल्यावर वाळल्या गवताचीं कुसळें झालरींत, कानांत व बोटांच्या बेचक्यांत शिरतात. गोचिडी तर नित्याच्याच. कुसळांस बोटें व कंगवा. गोचिडीस बारीक चिमटा, त्वचेलगत धरून सरळ ओढावयाचा. पिसवांस मात्र आपली जुनी दाट दात्यांची फणीच उत्तम.

संग्राहकांस आमची विनंति येवढीच आहे. अमरानें प्रसाधनी व कंकतिका हीं नांवें एकाच वस्तूचीं म्हणून दिलीं. संग्रहांतील वस्तूंस तो न्याय लावूं नये. दात्यांमधील अंतर मोजावें, दात्यांचीं टोंकें बोथट कीं तीक्ष्ण तें पाहावें, आणि मुख्य म्हणजे जुनी फणी किंवा खरारा हातीं येतांच तो धुवूं नये. दात्यांत अडकलेला एक केसही सूक्ष्मदर्शकाखालीं तो माणसाचा, घोड्याचा कीं कुत्र्याचा हें सांगूं शकतो. तो धुतला गेला कीं पुरावा गेला, आणि मग चिठ्ठीवर उरतें तें केवळ आमच्यासारख्याचें अनुमान.

महाभारताच्या आदिपर्वांत निरपराध सारमेयास मार बसल्यावर त्याची माता सरमा जनमेजयास जाब विचारते. सेमाडोहच्या त्या कुत्र्यानें आम्हांस कांहीं विचारलें नाहीं. निघतेवेळीं तें आमच्या हाताशीं येऊन उभें राहिलें. आम्हीं त्याच्या पाठीवरून नुसता तळहात फिरविला, आणि केस कसे आहेत हें प्रथमच पाहिलें. इत्यलम्.